जप्तीतली वाकडी गिटार

वेळ संध्याकाळी साडेसातची. सप्टेंबर १९६५. स्थळ पनवेल, खाडीकडच्या आळीतलं गोदूबाईचं कौलारू घर. सरहद्दीवर लढाई चालू होती, गावात दिवाबंदी होती, खिडक्यांना काळे कागद डकवलेले होते. आठ वाजायच्या आत त्या घरातून एक यंत्र जप्त झालं आणि पलीकडच्या आळीतून एका माणसाला धरून नेलं. त्या माणसाचं दुकान गेलं, नाव गेलं, आयुष्यातले कितीतरी महिने गेले.

ते यंत्र म्हणजे मी. मी एक गिटार आहे. विजेवर वाजणारी, जुन्या बाजारातली, दिसायला वाकडी. तीन वर्षं एका पोलीस ठाण्याच्या कोठीत पडून आहे. ठाण्याचं नाव सांगत नाही. नाव सांगून काही उपयोग होतो असा माझा अनुभव नाही. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून न विचारता सांगते.

माझा जन्म मुंबईचा. चर्चची बाकं बनवणाऱ्या एका गोवेकर सुताराने मला घडवलं. विजेची गिटार त्याने जन्मात पाहिली नव्हती. गिऱ्हाइकाने त्याला एका चित्राचा कागद आणून दिला. चित्रातली अर्धी गिटार वाजवणाऱ्याच्या कोटाआड गेली होती. जो अर्धा भाग दिसला तो सुताराने हुबेहूब केला, तिथे मला बैलासारखं शिंग आलं. जो दिसला नाही तो त्याने मनाने केला, तो भाकरीच्या तव्यासारखा गोल झाला. पाहून गिऱ्हाइकाने कपाळाला हात लावला. पण आवाज ऐकल्यावर मला घेऊन गेला.

काही वर्षं मी हॉटेलात वाजले. मग माझा तो मालक बोटीवर नोकरीला लागला आणि मी चोरबाजारात आले. तिथे एक शिवणयंत्र माझ्यावर आदळलं आणि माझं एकुलतं एक शिंग मोडलं. दुकानदार गिऱ्हाइकांना म्हणायचा, "वाजली तर वाजवा, नाही वाजली तर कपडे वाळत घाला."

तिथेच बळीरामने मला उचललं. तो मिठागरावर काम करायचा, बोटांच्या चिरांत मीठ बसलेलं. लग्नांच्या हळदीला बुलबुलतरंग वाजवायचा. बँडवाल्या दादूने त्याला सांगितलं होतं, "इलेक्ट्रिक आण, म्हंजे येत्या लगीनसराईला तुला पार्टीत घेतो." मिठागरातून बाहेर पडायची त्याला दिसलेली ही एकच वाट. त्याने मला गोणपाटात गुंडाळून पनवेलला, मावशीच्या घरी आणलं, कारण त्याच्या गावात वीज नव्हती.

गोदूबाईने मला उलटसुलट पाहिलं. "लगनाचा पोऱ्या तू, बायको आनाची सोडून ह्यो काय आनलास? पाटा आनला असतास तर मसाला तरी वाटला असता."

"मौशे, वाजते ती."

"मग वाजव की!"

वाजले नाही. शिंग नव्हतं, दोन तारा नव्हत्या, आतलं विजेचं काळीज गेलेलं.

शिंगाचं काम दाजीकडे गेलं. दाजी बैलगाडीची चाकं करणारा सुतार. पनवेलची चाकं म्हणजे कोकणपट्टीत नाव. त्याने चाकाच्या घेराचा एक वाकडा बाभळीचा तुकडा घेतला आणि मला घट्ट बसवला. त्यामुळे मी आणखीच वाकडी झाले. दाजी मान तिरकी करून म्हणाला, "आता बैल जुंपलास तरी मोडाची नाय."

विजेचं काम यासीनभाईकडे. बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्याने मला पाहिलं आणि हसत सुटला. "या अल्ला! गिटार आहे की होडीचं वल्हं?" पण हसता हसताच त्याने स्क्रू काढायला सुरुवात केली होती.

त्याने एका मोडक्या रेडिओचं पोट घेतलं. स्टेशन लावायचा भाग काढून टाकला, आवाज मोठा करणारा भाग ठेवला आणि त्या खोक्याला मला जोडलं. बळीरामने पहिल्यांदा तार छेडली आणि "आयव!" करून हात झटकला. शॉक बसला होता. यासीनभाई म्हणाला, "घाबरू नकोस. हिची एक तार जमिनीत जायला हवी." दाजीकडे एक जुनी धाव, म्हणजे चाकावर चढवायचं लोखंडी कडं, पडली होती. ती गोदूबाईच्या परसात पुरली आणि घरातून तिथवर तार नेली. शॉक बंद झाला.

"आतल्या तारेच्या सांध्याचा डाख मात्र कच्चा राहिलाय," यासीनभाई म्हणाला. "माझ्याकडचं कथील हलकं आहे. चांगलं मुंबईहून आलं की पक्का करून देतो. तोवर सांभाळून घे."

त्या दिवशी बळीरामने हळदीच्या गाण्याची चाल वाजवली. गोदूबाई चुलीपुढून उठून आली आणि नकळत शब्द म्हणू लागली. यासीनभाई उंबऱ्यावर बसून मांडीवर ताल धरत होता. इतकं चांगलं मला हॉटेलातही कुणी ऐकलं नव्हतं.

कथील यायच्या आत लढाई आली.

त्या संध्याकाळी बळीराम आवाज अगदी बारीक ठेवून सराव करत होता. बोटं दुखली म्हणून थांबला. आणि त्या शांततेत माझ्या खोक्यातून एक पुरुष बोलू लागला. खणखणीत उर्दू. रणगाडे, मोर्चे, फतेह.

गोदूबाईच्या हातातलं पातेलं पडलं. "बल्या, ह्यात कोन मानूस हाय रं?"

"मौशे, आईशप्पत, मी नाय बोललो!"

कच्च्या डाखामुळे असं होतं. हवेतलं जोरकस स्टेशन न बोलावता आत शिरतं. रेडिओशी ज्याचा संबंध आला त्या कुणालाही हे सांगता येईल. पण ऐकणं वेगळं आणि पाठवणं वेगळं. मला कान मिळाले होते, जीभ मिळाली नव्हती. कान असलेला प्रत्येक जण फितूर ठरवायचा असेल तर त्या महिन्यात पानाच्या ठेल्यांवर रेडिओला कान लावून उभा असलेला अर्धा देश आत टाकावा लागला असता.

दिवाबंदीची पाहणी करणारा वॉर्डन नेमका खिडकीखाली होता. त्याने शिट्टी फुंकली. बॅटऱ्या घेऊन माणसं आत घुसली. त्यांना काय दिसलं? खोक्यावर पेटलेला तांबडा दिवा. कुठल्याच वस्तूसारखी न दिसणारी मी. माझ्यातून निघून परसात गेलेली तार. तारेमागे जाऊन त्यांनी माती उकरली तर खाली लोखंडी कडं!

"वायरलेस!" वॉर्डन ओरडला.

बळीराम पुढे आला. "साहेब, माजी हाय ती. वाजवाची हाय. थांबा, वाजवून दावतो."

त्याने हात पुढे केला. माझ्या तारेपासून वीतभर अंतरावर होता तो हात.

"खबरदार! हात लावू नकोस, उडवशील सगळ्यांना!"

हात मागे ओढला गेला.

"बनवलं कुणी हे?"

"लाकूड दाजीनं जोडलं. विजेचं यासीनभाईनं."

पहिल्या नावाला कुणी दाद दिली नाही. दुसऱ्या नावाला सगळे एकमेकांकडे बघू लागले. "असं बोल की मग," वॉर्डन म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली भीती गेली. ज्याला हवं ते उत्तर मिळतं त्याची भीती अशीच जाते.

ठाण्यात मला टेबलावर ठेवलं. साहेबांनी मला चारी बाजूंनी न्याहाळलं. "साधी वस्तू असती तर साधी दिसली असती," म्हणाले.

यासीनभाईला जेवणावरून उठवून आणलं होतं. हाताला भात तसाच. तो म्हणाला, "साहेब, आवाज येतो तो डाखामुळे. चांगलं कथील येणार होतं, मग पक्का करून..."

"कुठून येणार होतं? कोण पाठवणार होतं?"

यासीनभाई माझ्याकडे बघू लागला.

एक मात्र सांगितलं पाहिजे. माणसं भेकड निघाली नाहीत. दादू आला आणि म्हणाला, "साहेब, एकदा वाजवून बघू द्या, बँडवाला हाय मी." त्याला सांगण्यात आलं, मुद्देमालाला हात लावता येत नाही. गोदूबाई आली. "घर माजं हाय, परसातलं कडं माजं हाय. मना धरा." तिला गप्प बसवलं. म्हातारा दाजी काठी टेकत आला. "शिंग मी बसवलंय. लिवा माजं बी नाव." साहेब हसले. "आजोबा, घरी जा." बळीरामलाही सकाळी सोडून दिलं.

लढाई संपली. काळे कागद निघाले. यासीनभाईला सोडलं ते पुढच्या वर्षी, शेतात भाताची लावणी चालू असताना. आरोप ठेवलाच नव्हता, त्यामुळे निर्दोष आहे असंही कुणी सांगितलं नाही. त्याने दुकान उघडलं. रोज उघडायचा, रोज झाडायचा. बिघडलेले रेडिओ त्याच्या दारावरून पुढे जायचे. शेवटी तो मुरुडला भावाकडे निघून गेला. बळीराम मिठागरावर परतला. दर दिवाळीनंतर तो येतो, दारात उभा राहतो. "माजी गिटार?" त्याला सांगतात, केस संपली की मिळेल. केस कुठे आहे ते कुणी सांगत नाही.

माझ्या तारांना खाडीची हवा लागून गंज चढला आहे. दोन तुटल्या, बाकीच्या जातील. दाजीने बसवलेलं शिंग तेवढं शाबूत आहे. मला सुटका नको. आता सुटून मी कुणाच्या हळदीला वाजणार? फक्त कुणीतरी आत यावं आणि उरलेल्या तारांपैकी एक बोटाने छेडावी. तीन वर्षांत एवढं एक काम झालेलं नाही.

यंत्र सापडलं बळीरामच्या हातात. घर गोदूबाईचं. जोड दाजीची. तिघांनीही आपलं नाव आपण होऊन सांगितलं होतं. आत ठेवलं ते एकट्या यासीनभाईला.