एकेचाळिसाव्या पानाखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, दोनशे पानांची. वहीचं कसलं आलंय आयुष्य, म्हणून नाक मुरडू नका. मी बारा वेळा विमानाने समुद्र ओलांडला आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी ओलांडला?

मला इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या विष्णू बाइंडरने शिवलं. तिथून मी शहरातल्याच एका चर्चमध्ये गेले. तिथे दर शनिवारी संध्याकाळी धर्मशास्त्राचा वर्ग भरायचा. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या साध्या माणसांचा तो वर्ग होता. टांझानियातल्या एका गावच्या अँग्लिकन चर्चमध्येही असाच वर्ग चाले. दोन्ही वर्गांनी मिळून ठरवलं, की पाठ एकच वाचायचा आणि लिहायचंही एकाच वहीत. उजवं पान इंदूरचं आणि डावं त्यांचं. मी डावी पानं कोरी घेऊन निघायची आणि भरून परत यायची. कोण कोणाला शिकवतंय हे कोणालाच सांगता येत नसे, आणि मला तेच आवडायचं.

आमच्या वर्गात सुमन साळवे होत्या. महूच्या एका इस्पितळात त्यांनी तीस वर्षं नर्सचं काम केलं होतं. त्यांच्या शेजारी नीरज बसायचा. तो इंग्रजी छान लिहायचा, म्हणून प्रत्येक मराठी पानाचं इंग्रजी करून, त्याची चिठ्ठी पानाच्या कडेला चिकटवायचं काम त्याच्याकडे होतं. मराठी मात्र त्याची कच्ची होती.

"मावशी, हे 'संकोच' म्हणजे एक्झॅक्टली काय?"

"अरे, पेशंट शरमेने पाय मागे खेचतो ना, तोच रे. इतकं पण नाही मालूम?"

सगळे हसले. नीरजही हसला. तेव्हा तो मला फार आवडायचा. हे सांगायला आज मला लाज वाटते.

त्या दिवशीचा पाठ होता, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो. बाकी सगळ्यांनी धुणाऱ्याच्या नम्रतेवर लिहिलं. सुमनबाईंनी माझ्या एकेचाळिसाव्या पानावर लिहिलं, "मी तीस वर्षं पेशंटांचे पाय धुतले. धुणं सोपं आहे. धुवून घेणं अवघड. ज्याने जन्मभर कोणाकडून काही घेतलं नाही, तो पाय मागे ओढतो. तो संकोच सोडणं हीसुद्धा भक्ती आहे." खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.

चार महिन्यांनी डावं पान इंग्रजीत भरून आलं. "आमच्या बायका पाण्यासाठी तासभर चालतात. पायावर पाणी घेतो तेव्हा आपण त्यांचं चालणंही घेतो. आम्ही हा पाठ कितीदा वाचला होता, पण हे आम्हाला इंदूरच्या बहिणीने दाखवलं." नीरजने ते वाचून दाखवलं तेव्हा सुमनबाईंनी चष्मा काढून पुसला. मी एवढी कधीच फुगले नव्हते.

पुढे आमच्या वर्गाचं अभ्यासकेंद्र झालं आणि नीरज त्याचा प्रमुख झाला. तीन देशांतल्या वर्गांसाठी एक पाठ्यपुस्तक निघालं. त्यात 'पाय पुढे करणं' नावाचा पाठ होता आणि त्यावर लेखक म्हणून नीरजचं नाव होतं. सगळीकडे वाहवा झाली. एका दुपारी त्याने माझ्या एकेचाळिसाव्या पानावरची, सुमनबाईंचं नाव असलेली जुनी चिठ्ठी सोलून काढली आणि दुसरी चिकटवली. पुस्तकासारखं तिच्यावरही आता त्याचंच नाव. सोलताना माझा थोडा कागद निघाला. पण त्याचं दुःख नाही, मित्रांनो. ज्या हातांनी मला इतकी वर्षं जपलं, त्याच हातांनी केसाने गळा कापला, याचं आहे.

मग सुमनबाई आल्या. चर्चमध्ये उपासना चालवण्याचा आणि उपदेश करण्याचा परवाना त्यांना हवा होता. वय एकसष्ट. वर्गात शिकल्याचा लेखी पुरावा मागितला होता, आणि त्यांनी जे काही लिहिलं होतं ते फक्त माझ्यात होतं.

"नीरज, आपली ती वही दे ना जरा. पढाईचं प्रूफ मागतायत."

"काय सांगू सुमनजी, शिफ्टिंगमध्ये गुम झाली. सगळ्या अलमाऱ्या बघून घेतल्या."

मी त्याच्या खुर्चीमागच्या कपाटात होते. पूर्वी तो त्यांना मावशी म्हणायचा.

"कोई बात नाही रे," त्या म्हणाल्या. "सापडली तर सांगशील." त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. मला ओरडता आलं असतं तर छप्पर उडालं असतं.

गेल्या महिन्यात टांझानियाहून नीमा नावाच्या पाद्रीबाई आल्या. अशा पाहुण्यांसाठी मी बरोबर सापडते! नीरजने मला टेबलावर ठेवलं आणि मिळून शिकण्यावर सुंदर भाषण केलं. नीमाबाईंनी एकेचाळिसावं पान स्वतःच शोधून काढलं. आधी डावं वाचलं, मग उजवीकडची इंग्रजी चिठ्ठी. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आमच्या लोकांनी 'बहिणीने' असं लिहिलंय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "चिठ्ठीवर तर तुमचं नाव आहे."

"ते सगळ्या वर्गाला उद्देशून असेल," नीरज म्हणाला.

नीमाबाईंचं बोट पानावरून खाली आलं आणि मराठी अक्षरांवर थांबलं. अगदी त्या नावावर. त्यांना ती लिपी येत नव्हती.

"आणि हे काय लिहिलंय?"

खोलीत ते दोघंच होते आणि मराठी वाचणारा तो एकटाच. मी वाट पाहिली. एक नाव वाचायचं होतं, बस्स. सुमनबाईंना परवाना मिळाला असता.

"तारीख आहे," नीरज म्हणाला.

नीमाबाईंनी मान डोलावली आणि मला मिटलं. त्यांचा काय दोष? मी पुन्हा कपाटात आले. सुमनबाई अजूनही दर रविवारी मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे उपदेश ऐकतात.

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, काचेत ठेवू नका. कधी या केंद्रात आलात, तर खुर्चीमागचं कपाट उघडायला लावा. एकेचाळिसावं पान काढा आणि खालचं नाव मोठ्याने वाचा. तुम्हाला मराठी वाचता येतं.