माझ्या हाकेला ओ द्या

मी आगगाडीच्या रुळाचा तुकडा बोलतोय. लांबी दीड हात, वजन एका माणसाला झेपेल न झेपेल इतकं आणि काळीज मात्र कोंबडीचं. हसू नका! लोखंड घाबरत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? पूर्वी मी पूर्णा जंक्शनकडच्या छोट्या लाइनीत होतो. गाडी लांब असतानाच माझ्या अंगाला कापरं भरायचं. शेजारचे रूळ म्हणायचे, "अरे, रोजचीच हाय ती." रोजची होती म्हणून काय झालं? रोज अंगावरून जायची ना!

पुढे छोटी लाइन मोठी झाली. आम्हाला उपटलं, तोडलं आणि भंगारात टाकलं. तिथून इथल्या शाळेच्या दिनकरराव गुरुजींनी मला उचललं, एसटीच्या टपावर बांधलं आणि या गावात आणलं. येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठावर हे गाव आहे. शाळेपुढच्या कडुलिंबाला त्यांनी मला तारेनं टांगलं. सोबत एक लोखंडी टोला दिला आणि म्हणाले, "आजपासून तू घंटा."

मी म्हटलं, सुटलो बाबा! आता अंगावरून काही जाणार नाही. पण गुरुजींनी मला आणखी एक काम लावलं होतं, ते मला पहिल्या पावसाळ्यात कळलं.

धरणातून पाणी सोडायचं असलं की कोतवालाला निरोप येतो. तिकडचा भोंगा वारं उलटं असलं तर इथवर पोचत नाही. मग कोतवाल धावत येतो आणि मला न थांबता बडवतो. टणटणटणटण! नदीत कुणी धुणं धुत असतं, कुणी म्हशी पाण्यात घातलेल्या असतात, कुणी पाण्याची मोटार बसवत असतं. सगळे वर पळतात. दुसऱ्या गावांत टणटणटण वाजलं की पोरं शाळा सुटली म्हणून घराकडं पळतात. आमच्या गावात माणसं नदीकडून पळतात.

नऊ वर्षांपूर्वीचा तो रविवार मी कसा विसरू? निरोप वेळेवर आला होता. सुग्रीव कोतवाल धापा टाकत आला. बघतो तर टोला जागेवर नाही! आदल्या दिवशी पोरांनी बदाम फोडायला नेला होता आणि भिंतीमागं टाकून दिला होता. सुग्रीवनं दगड उचलला आणि मला मारला. दगडानं मी काय वाजणार? टक्, टक्. शेजारच्या घरातसुद्धा गेलं नाही ते.

त्या वेळी गावातला दत्तराव नदीत मोटारीचे नट सोडत होता. सुग्रीव हाका मारत सुटला, तर लोक म्हणाले, "येईल की, काठावरच असंल." पाणी आलं. दत्तराव आला नाही.

मी टांगलेला होतो, मी आपणहून कसा वाजणार? हे मी स्वतःला नऊ वर्षं सांगतोय आणि मला ते पटत नाही.

तेव्हापासून गावानं नियम केला. टणटणटण फक्त पाण्यासाठी. शाळा सुटली की पाच संथ टोल, बस्स. दत्तरावची बायको पंचफुला शाळेत खिचडी शिजवते. टोला तिच्या चुलीजवळच्या खिळ्याला असतो. सकाळी आली की ती आधी त्याला हात लावून बघते, मग चूल पेटवते.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. पोळा होऊन दोन दिवस झाले होते. शाळेपुढं एक टेम्पो थांबला आणि त्यातून चार माणसं उतरली. त्यांचा म्होरक्या सिद्धोधन. हा मूळचा याच भागातल्या झरी गावचा, शिकायला पुण्याला गेला आणि तिथं ड्रम वाजवायला लागला. सोबत ट्रंपेटवाली राजेश्री, एक सॅक्सोफोनवाला आणि माणसापेक्षा उंच तंतुवाद्य कवटाळून आलेला एक दाढीवाला. शाळाशाळांतून फिरून पोरांना जॅझ नावाचं संगीत ऐकवायचं, असं त्यांचं काम.

राजेश्रीनं ट्रंपेट फुंकला. पोरं ओरडली, "हे तर वरातीतलं हाय!" पण पुढं जे वाजलं ते वरातीतलं नव्हतं. ठोका पडायला पाहिजे तिथं पडत नव्हता. जरा अलीकडं, जरा पलीकडं. माझा जीव नुसता टांगणीला! अहो, मी घंटा आहे. वेळ चुकली की माणूस जातं हे मी बघितलंय. आणि ही माणसं हसत हसत वेळ चुकवत होती.

मग सिद्धोधन खाली पोरांत येऊन बसला. "हे गाणं कुणाचं, माहीत हाय का? आफ्रिकेतून माणसं धरून, साखळ्या घालून अमेरिकेत नेली. गुलाम केली. काय काम करायला लावलं असंल?"

"दगड फोडायला?"

"कापूस वेचायला. ऊस तोडायला."

वेचणीचं ओझं आणि कोयत्याचे घट्टे या पोरांना कुणी सांगायला नको होते.

"एक जण हाक घालायचा, बाकीचे काम करता करता ओ द्यायचे. हाक आणि ओ. त्यातून गाणं झालं. तेच्यात चर्चमधली भजनं मिसळली, बँडबाजा मिसळला, आणि लय वर्षांनी हे जॅझ उभं राहिलं. पण मालक लोकांनी बऱ्याच ठिकाणी त्यांचे ढोल काढून घेतले व्हते. कामून?"

पंचफुलाची पोरगी अपेक्षा सातवीत होती. ती म्हणाली, "ढोलानं निरोप जातो म्हणून."

सिद्धोधन तिच्याकडं बघतच राहिला. "तुला कसं कळलं?"

तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. इथंच घोळ झाला. तिला सांगायचं होतं एक, त्याला दिसलं दुसरं. "अरे वा, घंटा! वाजवू का सर?"

रंगनाथ सर त्याच जूनमध्ये लातूरकडून बदलून आलेले. नियम त्यांच्या कानावर होता, अंगात मुरला नव्हता. "वाजवा की," म्हणाले, आणि चुलीजवळचा टोला आणून दिला. मला ओरडावंसं वाटलं, नको रे, नको! अपेक्षा उठून उभी राहिली, "सर, नका..." पण ट्रंपेट सुरू झाला होता. सिद्धोधननं टोला घेतला आणि मला बडवलं. टणटण, टटणटण, टणटणटणटण!

अरे देवा!

पंचफुला मागं खिचडीचं पातेलं घासत होती. राखेच्या हातानं ती "अपेक्षाऽऽ!" करत पळत सुटली. शेतातल्या बायकांनी विळे टाकले. गडी बैलं सोडून धावले. कुणी पाळण्यातलं पोर उचललं, कुणी म्हातारीला पाठीवर घेतलं. नदीत पाइप जोडत असलेला बन्सीधर काठ चढताना दगडावर आपटला आणि गुडघा फोडून वर आला. घटकाभरात अख्खं गाव शाळेपुढं, आणि समोर काय? बाजेवाले!

मी त्यांची तोंडं बघत होतो. आधी भीती, मग दिलासा, मग संताप. मला मात्र एकच दिसत होतं. आता हे माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. पुढच्या वेळी मी खरं ओरडेन आणि कुणीतरी नदीतच थांबेल.

बन्सीधर तर पेटला होता. "पोरान्ला हे शिकवायलाव का तुमी? जीव गेला असता माझा! आता ती घंटा फुटंस्तोवर वाजली तरी मी काय जागचा हालणार न्हाई!"

पंचफुलानं सिद्धोधनच्या हातातला टोला काढून घेतला. "भाऊ, माझा मालक हिच्या न वाजण्यानं गेला," ती म्हणाली. "हिला खेळायला घेऊ नका."

सिद्धोधननं सगळ्या गावापुढं हात जोडले. "चुकलं माझं. झरीचा असून मला कळलं न्हाई." मग पोरांकडं वळून म्हणाला, "तुमची घंटा म्हणजे त्यांचा काढून घेतलेला ढोल हाय. तेंचे ढोल गेले, तवा ते हातानं वाजवायला लागले. टाळ्या, मांड्या, पाय. आपण बी तसंच करू. घंटा तिच्या कामाला राहू द्या."

आणि त्यांनी वाजवलं. शंभर पोरांनी मांड्या बडवल्या, मातीत पाय आपटले. शेवटी अपेक्षानं हात वर केला. "सर, हाक घालणाऱ्याला कसं कळतं, सगळ्यांनी ऐकली का?"

"ओ येतो ना. एकाचा जरी ओ आला न्हाई, तर तिकडं जाऊन बघायचं."

पोरीच्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर सांगत फिरली. मी वाजलो की प्रत्येक घरानं आपली माणसं मोजायची, सगळे वर असले तर अंगणात येऊन ताट वाजवायचं. नदीकडच्या घरापासून सुरू करून ओळीनं. तीन शनिवार सराव झाला. मला हात न लावता! अपेक्षा लिंबाखाली उभी राहून "होऽऽ" करायची, आणि गल्लीगल्लीतून ताटं वाजायची. फक्त बन्सीधर नाही. "मी काय माकड हाय का, ताट वाजवायला?"

नवरात्राच्या तोंडावर, भर दुपारी, सुग्रीवचा फोन वाजला. तो पळत आला. त्याला पळताना बघून पंचफुला टोला घेऊन उभीच होती. मला विचाराल तर त्या क्षणी मी आगगाडीखाली परत जायला तयार होतो. वाजलो आणि कुणी आलं नाही तर?

टणटणटणटणटण!

मग शांतता. मला वाटलं, संपलं सगळं.

पहिलं ताट वाजलं ते नदीकडच्या टोकाला. मग दुसरं. मग वरच्या गल्लीतलं, मग देवळामागचं. ओळीनं येत होतं. मला रडू फुटलं असतं, पण लोखंडाला ती सोय नाही. आणि मध्येच खंड पडला. एक घर गप.

"बन्सीधरचं हाय," सुग्रीव म्हणाला.

"सोडा वो. अडून बसला असंल, घरीच असंल," घंटा ऐकून पळत आलेला गोपाळ म्हणाला. बन्सीधरची बायको कस्तुराबाई त्या दिवशी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेली होती. घरात बघणारं कुणी नव्हतं.

पंचफुला एकदम वळली. "तेंच्याबद्दल बी असंच म्हणले व्हते. येईल, काठावरच असंल. अरे, ओ आला न्हाई! जा की!"

आणि ती स्वतःच पळाली. सुग्रीव आणि गोपाळ तिच्या पुढं गेले. मी टांगलेला होतो. पुन्हा नुसता टांगलेला. नदीचा आवाज बदलायला लागला होता, तो मला दुरून आलेल्या गाडीसारखा अंगात कळत होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ते चढावरून दिसले. मध्ये बन्सीधर, छातीपर्यंत भिजलेला, दोघांनी दोन्ही दंडांना धरलेला. मोटारीचा दोर त्याच्या पायात अडकला होता. त्याला शाळेच्या ओट्यावर बसवलं, तोवर खाली पाणी काठाला लागलं होतं.

"घंटा ऐकू आली न्हाई का?" पंचफुलानं विचारलं.

त्यानं खालच्या पाण्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आली व्हती. मला वाटलं, बाजेवाले परत आले."

बघा. मला ज्याचं भ्या होतं तेच झालं होतं.

यंदाही सिद्धोधनची मंडळी येऊन गेली. राजेश्रीनं ट्रंपेट वाजवला, पोरांनी मांड्या बडवल्या. पहिल्या ओळीत बन्सीधर होता. सारखा चुकत होता, पण वाजवत होता. मला कुणी हात लावला नाही. टोला चुलीजवळ होता.

माझी भीती गेली असं समजू नका. माझी तार गंजलीय, पाऊस आला की मी अजून कापतो. तुम्ही कधी पूर्णाकाठी आलात आणि मी न थांबता ओरडताना ऐकलंत, तर खरं की खोटं विचारत बसू नका. आधी वर या. आणि वर आलात की हाताला लागेल ते वाजवा, मला ओ द्या. ओळीत सगळ्यात आधी जे ताट वाजतं, ते नदीकडच्या टोकाचं, दत्तरावच्या घरचं असतं. अपेक्षा वाजवते. त्याच्यानंतर तुमचं ऐकायला मी कान लावून असतो.