रिकामी सम

नंदकुमारांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. उजव्या हाताची बोटं मात्रा मोजतच राहिली.

काचेपलीकडे त्यांची मुलगी सुहासिनी पुन्हा चुकली होती. नेमकं काय चुकतंय, ते रेकॉर्डिंग करणाऱ्या डेक्लनला सांगता येत नव्हतं. "इट्स ग्रँड," एवढंच म्हणून तो पुन्हा सुरुवातीला जायचा.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात सायकलच्या दुकानावरची ही खोली. रेगे या जमैकन संगीताची एकच चाल, एकच ठेका, आणि त्यावर बारा जणांची आपापली गाणी, अशी सीडी होती. अकरा झाली होती. बारावं सुहासिनीचं, मराठी शब्दांचं. सोमवारी सगळं छपाईला जाणार. आज जमलं नाही, तर सीडी अकरा गाण्यांचीच निघणार होती. सॉफ्टवेअरच्या नोकरीत शिरल्यापासून सात वर्षं तिने गाण्याचं नाव काढलं नव्हतं. आज ती स्वतःहून उभी राहिली होती.

नंदकुमारांनी नागपुरात चाळीस वर्षं तबलजींच्या बाजूला बसून पेटीवर लेहरा धरला होता. तीच एक ओळ, तासतासभर. समोरचा कितीही भरकटला तरी आपण ओळ सोडायची नाही आणि तोंड उघडायचं नाही.

ते उठले आणि काचेवर टकटक केलं. सुहासिनी दार उघडून बाहेर आली.

"काय बाबा? बेसूर होतंय?"

"सूर चोख आहे. सम चुकतेय."

"कशी चुकेल? ड्रम जोरात पडतो तिथेच उतरतेय मी."

"तिथेच तर गडबड आहे. तो तिसऱ्या मात्रेला पडतो. पहिलीवर हे लोक काही वाजवतच नाहीत. बाकीचे अकरा जण त्या पहिलीवरच येऊन टेकलेत."

"रिकाम्या जागेवर सम?"

"हो. आणि समेवर मी मान डोलावणार नाही, तेव्हा माझ्याकडे बघू नकोस."

ती हसली आणि आत गेली. डेक्लनने चाल लावली. सुहासिनीने डोळे मिटले. मुखडा वळून आला आणि शेवटचा शब्द शांततेत उतरला. मग ड्रम पडला, तिच्यासाठीच थांबल्यासारखा.

"जीझस!" डेक्लन म्हणाला. गाणं संपल्यावर त्याने कव्हरच्या कागदावर बाराव्या ओळीत तिचं नाव लिहिलं.

नंदकुमारांनी कागद ओढून घेतला, चष्मा चढवून सगळी नावं वाचली.

"ही सगळी गाणाऱ्यांची. चाल कुणी वाजवलीय?"

"डेक्लननेच. बेस, ऑर्गन, सगळं," सुहासिनी बाहेर येत म्हणाली.

"मग त्याचं नाव?"

तिने डेक्लनला विचारलं. डेक्लनने खांदे उडवले.

"तो म्हणतो, माझं नाव बघून कोण विकत घेणार?"

डेक्लन हसत होता. ते हसणं नंदकुमारांच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.

"स्पेलिंग विचार त्याला," ते म्हणाले. "सगळ्यात वर घालतोय."