कोणासोबत जेवलास?

"त्याला 'जेवलास का' एवढंच विचारू नको, पुनम. कोणासोबत जेवला ते विचार," शेजारच्या तानुअक्कांनी बजावलं होतं. त्यांचे यजमान झुलालभाऊ परदेशात एकटे पडले आणि काम अर्धवट टाकून परतलेले. पुनमला वाटलं, अक्का आपलंच दुखणं उगाळतात.

तरी तिने एकदा नवऱ्याला गमतीत विचारलं. "कोणासोबत म्हणजे? फोनसोबत!" नवल हसला, तीही हसली.

जळगावच्या ठिबक सिंचनाच्या कंपनीने नवलला केनियातल्या केळीच्या मळ्यावर वर्षभरासाठी धाडलं होतं. कामात तरबेज, म्हणून. खोली, गाडी, विमा, सगळं कंपनीचं. रोज संध्याकाळी तो कॅमेऱ्यात ताट दाखवायचा. ताट दिसलं की घर निश्चिंत.

शनिवारी ताटातली खिचडी वाळलेली होती आणि नवलच्या अंगात स्वेटर. "जरा कणकण आहे गं." रविवारी फोन नुसता वाजत राहिला.

शिंदखेड्याहून सासरे धनसिंग आबा म्हणाले, "काल जेवना ना तो? मंग बठ्ठं ठीक शे." काल जेवला म्हणजे सगळं ठीक, हा त्यांचा हिशेब.

ऑफिसातले साहेब म्हणाले, "वहिनी, सुट्टी आहे. झोपला असेल. उद्या बघतो."

कडेवर लेक रडत होती. फोन करायचा तरी कोणाला? पाच महिन्यांत नवलच्या तोंडून तिथल्या एकाही माणसाचं नाव आलं नव्हतं. हां, मळ्याच्या फाटकाजवळची टपरीवाली तेवढी. "रोज जेवायला हाक मारते, पण आपल्याला कुठं जमतं त्यांचं," म्हणाला होता.

यावलच्या केळीशी ताडून बघायला त्याने एका घडाचा फोटो पाठवलेला. पुनमने तो मोठा केला. घडामागे तीच टपरी, भिंतीवर रंगवलेला नंबर. शेवटचा आकडा पानाआड. तिने शून्यापासून एकेक लावून पाहिला. सातला बाईचा आवाज आला.

कॉलेजातलं इंग्रजी तिने आठवेल तसं जोडलं. "केळीवाला इंडियन... माझा नवरा... दार वाजवा!"

बाई काही न विचारता धावत सुटली. फोन चालूच. धापा, कुत्र्याचं भुंकणं, दारावर थापा. मग दार मोडल्याचा आवाज.

मलेरिया होता. नवल जमिनीवर बेशुद्ध पडलेला.

आठवड्याने पुन्हा ताट दिसलं. पुनमने तोंड उघडायच्या आत नवलने फोन शेजारी वळवला. "ही वांजिरू, टपरीवाली. माझ्या हातच्या भरताला नाकं मुरडते!"

पुनमने कंपनीतल्या माणसांच्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, तेच ती तुम्हालाही विनवते: तुमचं कोणी दूर असेल तर आत्ता फोन लावा. ताट बघून ठेवून देऊ नका. शेजारी कोण बसलंय ते विचारा, आणि त्याचा नंबर घ्या.