रत्नम्माच्या चार घागरी

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, आणि उदगीरचा श्रीमंत नावाचा गिऱ्हाईक मला सांगत होता की त्याच्या गाडीला पेट्रोल पुरत नाही. मला हसू आवरेना. तक्रार मात्र खरी होती. हौसेनं त्यानं मोठा टर्बो बसवून घेतलेला. गाडी दामटली की इंजिनात हवा भरपूर जायची आणि पेट्रोल कमी पडायचं. असंच चालू राहिलं तर एक दिवस पिस्टन वितळतो.

"उदगीर जिल्हा होईल तवा होईल, मिस्त्री," तो म्हणाला. "तवर पोरींच्या क्लाससाठी लातूरच गाठावं लागतंय."

औसा रोडवरच्या माझ्या गॅरेजात पेट्रोलचा मोठा पंप आणि इंजिनात पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर येऊन पडले. जुन्या टाकीत पंप मावेना, म्हणून मी नवी टाकी स्वतः वेल्डिंग करून बनवली. माझ्या उस्तादांचा नियम होता, नवी टाकी आधी पाण्यानं काठोकाठ भरायची, एक दिवस एक रात्र ठेवायची, मगच पेट्रोल. म्हणजे पन्नास लिटर पाणी. टँकर आठवड्यानं येणार होता आणि आमच्या घरच्या पिंपाचा तळ दिसत होता.

गॅरेजच्या शेजारी रत्नम्मा राहायची. एकटी बाई, शिवणकाम करायची. भांडी विसळलेलं पाणी ती फरशी पुसायला ठेवायची. पाणी मागायला तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"गाडीला पाजनार का काय?"

"न्हाई मावशी. टाकी गळती का बघायचंय. पेट्रोल गळलं तर गाडी पेट घेती. उद्या हाय तसं परत देतो."

तिनं चार घागरी मोजून दिल्या. "धुन्याचं हाय. पन मोजलेलं हाय," म्हणाली.

दुपारी मी जेवायला गेलो तेवढ्यात श्रीमंत आला. नव्या टाकीत पाणी बघून त्याचा जीव खालीवर झाला. पेट्रोलच्या टाकीत पाणी म्हणजे महागाचा पंप गेला, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं खालचा नट सोडला आणि सगळं पाणी गटारात घालवलं. मी आलो तर हा हात पुसत उभा. "वाचलो मिस्त्री! कुनीतरी टाकीत पानी भरलं होतं."

माझं डोकं फिरलं. पाणी कशाला भरलं आणि कुणाचं, हे सांगताना मी जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. ओरडा ऐकून रत्नम्मा दारात आली. तिनं ओलं गटार पाहिलं आणि वाकून आपल्या रिकाम्या घागरी गोळा केल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

श्रीमंत ओशाळला. "मावशी, बाटल्यांचे खोके मागवतो." मग मला हळूच म्हणाला, "दोन तास भरलेली होती की. गळली न्हाई. बसवून टाका."

मी पाना उचलला. खोटं कशाला सांगू, उचललाच. पुन्हा पाणी मागायला मला तोंड नव्हतं.

"गाडीत कोन बसतंय?" रत्नम्मानं विचारलं.

"मी, आन दोन लेकी."

ती आत गेली आणि एकेक करून चार घागरी घेऊन आली. हे पिण्याचं होतं. टाकी भरल्यावर तिनं पाट आणला आणि टाकीसमोर बसली. "आता लावा कुनी हात."

मी इंजेक्टर बसवायला घेतले. श्रीमंत कोपऱ्यात उभा राहिला, त्याला कुणी बस म्हणालं नाही. उन्हं कलली तेव्हा तिनं मला हाक मारली.

"बसवंता, रडायली की तुझी टाकी."

मी वाकून पाहिलं. काही दिसेना. तिनं माझं बोट धरून खालच्या सांध्यावर टेकवलं. बोट ओलं झालं. पाव तासाला एक थेंब येत असेल. मी तो घाम म्हणून पुसला असता. पण तीन महिने कोरड्या नळाकडं टक लावून बसलेल्या बाईच्या नजरेतून तो सुटला नाही.

श्रीमंतनं घागर टाकीखाली लावली. नट जपून सोडला, चारही घागरी भरल्या आणि स्वतः उचलून तिच्या घरात नेऊन ठेवल्या. वाटेत थेंब सांडला नाही. चौथी ठेवून आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

मी वेल्डिंगचं मशीन ओढलं. पण त्या दोन पोरी माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मशीन बंद केलं.

"मावशी, सकाळी सांधा पुन्हा मारतो. पन मग टाकी पुन्हा भरावी लागंल."

"मग भर की," ती म्हणाली. "हाय तेच पानी हाय. मी येऊन बसते."