बिघाड झालेली काच

मी बातम्यांच्या स्टुडिओतली काच बोलतेय. तुम्ही रोज माझ्यातूनच बघत होतात, पण मी तुम्हाला कधी दिसले नाही. कॅमेऱ्याच्या तोंडाशी मला तिरकी बसवलेली असे. खालच्या पडद्यावरची बातमी माझ्यावर उमटायची आणि बातम्या देणाऱ्या ताई ती वाचायच्या. तुम्हाला वाटायचं, ताई तुमच्याच डोळ्यांत बघून बोलताहेत.

अक्षरं वर सरकवायचं काम काकांचं. हाताशी एक चक्री असे. ती फिरवली की ओळ सरके. बातम्या सुरू होण्याआधी संपादक साहेब त्यांच्या मागे उभे राहून शब्द बदलून घ्यायचे. सरकारच्या बाजूने निघालेले लोक 'नागरिक', विरोधात निघालेले 'जमाव'. काका मुकाट्याने टाइप करायचे. घर चालवायचं तर तोंड बंद ठेवावं लागतं, असं ते ताईंना सांगायचे.

काकांची लेक कॉलेज सुटलं की पिवळ्या पिशवीतून त्यांचा डबा घेऊन यायची. माझ्यात बघून तोंडं वेडीवाकडी करायची. मला ती फार आवडायची.

एकदा ती म्हणाली, "बाबा, सरकारने फी वाढवलीय ना, उद्या आम्ही सगळ्या चौकात बसणार आहोत. मग आम्ही कोण, नागरिक की जमाव?"

"तू गप घरी बस," काका म्हणाले. ताई हसल्या.

दुसऱ्या दिवशी चौकात गोळीबार झाला. काकांनी लिहिलं होतं, 'एक तरुणी ठार'. साहेब म्हणाले, "तरुणी कशाला? लोकांना उगाच कळवळा येतो. दंगलखोर करा." काकांनी केलं.

ताई वाचू लागल्या. बाजूच्या टीव्हीवर चौक दिसत होता. रस्त्यात एक पिवळी पिशवी पडली होती, डब्याची. काकांनी ती पाहिली आणि चक्रीवरचा त्यांचा हात थांबला.

'दंगलखोर' हा शब्द माझ्यावर तसाच राहिला. ताईंच्या कानातल्या यंत्रातून साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता, "वाचा, ताई. वाचा ना." ताईंनी आधी काकांकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मग त्या माझ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात तुमच्यासमोर पाटी आली, 'तांत्रिक बिघाडामुळे व्यत्यय'.

खापर माझ्यावर फुटलं. ताईंना रजेवर धाडलं आणि मला अडगळीच्या खोलीत. नव्या काचेसमोर नव्या बाईंनी तोच शब्द घडाघडा वाचला.

इथे खाली पडदा नाही, वीज नाही, तरी तो शब्द माझ्यावर उमटतो. त्याच्या मागून काकांची लेक वेडावून दाखवते. मला फार भीती वाटते. काका अधूनमधून येतात, बाहीने मला पुसतात. परवा पुसता पुसता म्हणाले, "तुलाही दिसतंय ना गं? जातच नाही."

आता कुणी तुमच्या डोळ्यांत बघून बातमी सांगू लागलं, तर मधल्या काचेची आठवण ठेवा. माझ्यात बिघाड नव्हता. ती दंगलखोर नव्हती. पिशवीतला डबा भरलेला होता. ती बाबांकडेच यायला निघाली होती.