कॉलरवरचा नंबर

नरेशने शर्ट पलंगावर पसरला, दोन्ही बाह्या नीट केल्या आणि हात मागे घेतला. ही त्याची ठरलेली पद्धत होती. वर्दी पुढ्यात ठेवायची आणि गप्प बसायचं. मग घरातलं कुणीतरी कापडाला हात लावतं, कुणीतरी रडतं, शेवटी चहा येतो. आजवर नऊ घरांत असंच झालं होतं आणि नऊही वेळा नरेश घरी जाताना स्वतःवर खूश होता.

पुतळाबाईने हात लावला नाही.

"उलटा कर," ती म्हणाली.

त्याने शर्ट उलटा केला. कॉलरच्या आत काळ्या शाईने नंबर होता, शेवटचे चार आकडे अजून वाचता येत होते. ते दाखवायला त्याने बोट पुढे केलं, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतंच. तिने बटणांची पट्टी जवळ ओढली. वरून तिसरं बटण बोटांत धरलं. बाकीची सगळी हिरव्या दोऱ्याने शिवलेली, हे एकटं निळ्या.

"चार येढे घातलेत. गाठ आतून," ती म्हणाली. "माज्या पोलक्याचा दोरा. सुट्टी संपली, निघाला, तवा बटन लोंबत व्हतं. दारातच उभा करून शिवलं."

नरेशला हायसं वाटलं. नंबर बरोबर निघाला होता.

दहिवलीला झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या माणसाला लढाईतल्या वर्द्या गोळा करायचं वेड कसं लागलं, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या जेवढ्या बोहारणी कर्जत-खालापुरात फिरतात, तेवढ्या सगळ्यांना त्याने सांगून ठेवलं होतं की हिरवा नाहीतर खाकी जाड कपडा आला की आधी मला दाखवायचा. मग कॉलरवरचा नंबर उतरवून घ्यायचा, पत्रं पाठवायची, माजी सैनिकांच्या मेळाव्यात म्हाताऱ्यांच्या शेजारी खुर्ची पकडायची. या शर्टाचा नंबर एका निवृत्त सुभेदाराच्या वहीत सापडला. नाव चंदर, पूल बांधणारी पलटण, गाव खालापूरच्या अलीकडचं. पुढे एकच शब्द होता. बेपत्ता. डिसेंबर १९७१.

त्या एका शब्दावर पुतळाबाईने आयुष्य काढलं होतं. लेक उज्वला तेव्हा पोटात होती. आता ती नेरळला राहते, त्रेपन्न वर्षांची आहे, आणि दर वर्षी आईच्या मागे लागते की बाबांचं पुण्यानुमोदन करून घेऊ. भंते येतील, वंदना होईल, चार माणसं जेवतील, झालं. पुतळाबाई दर वर्षी एकच उत्तर देई. मेला म्हणून कोणी पाहिलाय? ज्याला मेलेलं कोणी पाहिलं नाही त्याच्या नावाने जेवणावळ घालायची तिची तयारी नव्हती.

"कुठं गावला ह्यो?" तिने विचारलं.

"अंबाबाई बोहारणीकडे. तुमच्याच गावातून तिनं दोन महिन्यांपूर्वी घेतला. मावशी, चुकून गेला असेल ना तुमच्याकडून, जुन्या कपड्यांत?"

पुतळाबाईने मान वर केली.

"माज्याकडून कसा जाईल? तो ह्योच घालून गेला."

"म्हणजे?"

"म्हंजे ह्यो शर्ट माज्या घरात पुन्यांदा आलाच नाय." ती थांबली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तो नाय आला, आन शर्ट आला? का तो पन आलता रं? गावात आलता आन मला भेटला नाय?"

नंबर जुळला म्हणजे घर जुळलं, असं नरेश धरूनच चालला होता. शर्ट कुणाच्या घरून आला, हा साधा प्रश्न त्याने अंबाबाईला विचारलाच नव्हता. नऊ वेळा शाबासकी मिळाली की माणूस असा गाफील होतो.

"फोन लाव तिला," पुतळाबाई म्हणाली. "मोठ्यानं बोलव."

त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. अंबाबाई कुठल्यातरी बाजारात होती, मागे भांड्यांचा खणखणाट चालला होता.

"मानसं नाय माज्या ध्यानात राहत, नरेशभाऊ. भांडं राहतं. थांबा. तीन नंबरचं पातेलं, झाकनासकट. दोन साड्या, एक प्यांट आन तो शर्ट. झाकनासाठी लई घासाघीस केलती तिनं. सासऱ्याचं मोतीबिंदूचं आपरेशन व्हतं, घरात एकटीच व्हती. नम्रता का काय नाव."

नरेशने फोन बंद केला. पुतळाबाई शर्टाची घडी घालत होती.

"कोंडाजी भावजींची सून," ती म्हणाली.

कोंडाजी आणि चंदर एकाच दिवशी, एकाच गाडीने पलटणीत गेले होते. परत आला तो कोंडाजी एकटा. तेव्हा तो म्हणाला होता की मी तापाने इस्पितळात होतो, चंदरचं मला काही ठाऊक नाही. तिने ते खरं मानलं. न मानायला कारणच नव्हतं. लढाईनंतरच्या पहिल्या सुगीपासून दर डिसेंबरात ठरल्या दिवशी नव्या तांदळाची पायली तिच्या दारात न चुकता आणून ठेवणारा माणूस तो. बौद्धवाड्यात स्वतः चालत यायचा, उंबऱ्यापाशी पायली ठेवायचा, पाणी न पिता जायचा. कोंडाजी भावजींसारखा माणूस नाही, असं तिनेच गावभर केलं होतं.

"मावशी, आज नको. आधी मी एकटा जाऊन विचारतो."

"तू तुजं काम केलंस रं. आता मागं मागं ये."

डिसेंबर लागून दोनच दिवस झाले होते. शेतं कापून मोकळी पडली होती आणि रस्त्यात पेंढ्याने भरलेला टेंपो आडवा उभा होता. त्याला वळसा घालताना नरेशने तिचा हात धरायला पाहिलं. तिने तो झटकला. आपण हा शर्ट आणायलाच नको होता, असं त्याला वाटलं. पण तो शर्ट आता त्याच्या पिशवीत नव्हता, तिच्या काखेत होता.

कोंडाजी ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होता. नवा चष्मा नाकावर घसरला होता. पावलांचा आवाज आला तशी त्याने मान वर केली, पुतळाबाईला पाहिलं, तिच्या काखेतलं पाहिलं, आणि सूप बाजूला सारून अर्धवट उठला.

"गावला? कुठं गावला?"

बोलला आणि जागच्या जागी थिजला. दोन महिने तो ट्रंक उपसत होता. काय शोधता म्हणून नम्रताने विचारलं की काही नाही म्हणत होता. नम्रता आतून दारात आली आणि शर्ट पाहून तिने पदर तोंडावर घेतला.

"तुमाला ठाऊक हाय म्हनायचा ह्यो," पुतळाबाई म्हणाली. "बसा, भावजी. मी पन बसते. तो कवा आलता?"

"कोन?"

"तो. शर्ट ठेवून कुठं गेला?"

कोंडाजीच्या लक्षात आलं की ती काय विचारतेय. ती अजून वाट पाहत होती. त्याचा चेहरा पार उतरला.

"नाय गं वयनी," तो म्हणाला. "तो आला नाय. तो कुठंच गेला नाय."

नरेश पायरीवर उभा होता. त्याला बसवेना आणि निघवेना.

"मला ताप व्हता," कोंडाजी जमिनीकडे बघत बोलू लागला. "घामानं शर्ट चिंब. आन थंडी अशी की दात वाजायचे. पहाटेचा पुलावरचा पहारा माजा व्हता. त्यानं आपला कोरडा शर्ट काढला, मला घातला. माजा ओला आपन घातला. म्हनला, तू नीज, तुजा पहारा मी करतो." त्याने चष्मा काढला. "गोळा पडला. पूल गेला. गळ्यातला बिल्ला गावला नाय, वळखायला काय राहिलं नव्हतं. कॉलरवर नंबर तेवढा व्हता. माजा. कोंडाजी गेला म्हनून त्याला अग्नी दिला. दोन दिसांनी मी इस्पितळात जित्ता गावलो, तवा माजं नाव खोडलं. मंग तो जळाला तो कोन, ते कोनी इचारलं नाय."

"आन तू?"

पन्नास वर्षांत ती त्याला पहिल्यांदा तू म्हणाली होती.

"मी बोललो नाय."

"का?"

"आधी भ्यालो. माजा पहारा दुसऱ्यानं केला, हे कळलं तर मला धरतील म्हनून. मंग घरी आलो. तू दारात आलीस, अवघडलेली. म्हनलीस, बेपत्ता हाय म्हंजे हाय कुठंतरी. त्यावर काय बोलू? मंग एक वरीस गेलं. मंग पोरगी चालाय लागली. मंग बोलायचं राहूनच गेलं, वयनी. ह्यो शर्ट तुला देता येईना, आन टाकता येईना."

नम्रता मुसमुसत होती, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. आत चुलीजवळ एक कोरं पातेलं पालथं घातलेलं होतं.

"कोनता दिस?" पुतळाबाईने विचारलं.

कोंडाजीचा हात सुपाच्या काठावर गेला आणि तिथेच राहिला. पुतळाबाईने त्या हाताकडे पाहिलं, मग सुपातल्या तांदळाकडे. खडा न खडा वेचून काढलेला होता.

"तू पायली आनतोस तो," ती म्हणाली.

"नऊ तारीख. बेस्तरवार व्हता."

"त्रेपन्न वरसं," ती म्हणाली. "त्रेपन्न वरसं त्याच्या दिसाचा भात तू मला घातलास. आन मी गोड मानून खाल्ला रं."

कोंडाजी आता रडत होता. ती रडली नाही. तिने शर्ट मांडीवर घेतला, सुलटा केला आणि एकेक बटण लावलं. निळ्या दोऱ्याच्या बटणाशी बोटं जरा अडली. मग ती उठली आणि शर्ट त्याच्या पुढे धरला.

"या साली तांदूळ नको. नऊ तारखेला माज्या दारात वंदना हाय. भंते येतील, उज्वला येईल, गाव येईल. ह्यो घालून ये. मला सांगितलंस ते समद्यांपुढं उभं राहून सांग. तुज्या नावानं जाळला त्याला. त्याचं नाव तू त्याला परत दे."

"आता मला कुठला बसतो, वयनी."

"बसंल. वाळलायस तू."

त्याने दोन्ही हातांनी शर्ट घेतला. ती पायऱ्या उतरली. नरेश तिच्या मागे निघाला. शर्ट मागायचा असं सकाळी घरातून निघताना त्याने ठरवलं होतं, त्यासाठी काचेची पेटीसुद्धा करायला टाकली होती. रिकाम्या पिशवीची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली.

टेंपो अजून तिथेच होता. वळसा घालताना या वेळी तिने आपणहून त्याचा हात धरला.

"नेरळला फोन लाव रं," ती म्हणाली. "उज्वलाला सांग, तुज्या बापाचा दिस कळला म्हनावं."